बाळ सारखं अंगावर मागतंय? दूध पुरतंय की नाही, हे असं बघ

संध्याकाळचे साडेसहा. शेजारी कुकरची तिसरी शिट्टी झाली, खाली भाजीवाला ओरडतोय आणि तुझं बारा दिवसांचं बाळ चार वाजल्यापासून पाचव्यांदा छातीशी आहे. दहा मिनिटं ओढतं, सोडतं, किरकिरतं, मान इकडेतिकडे फिरवत पुन्हा तोंड उघडतं. स्वयंपाकघराच्या दारातून सासूबाई हळूच म्हणतात, "अगं, पोट भरत नसेल त्याचं. दूध कमी पडतंय वाटतं तुला." त्या काळजीपोटीच म्हणतात. पण पहिलटकरणीच्या मनात हे वाक्य एकदा रुतलं की निघता निघत नाही.

आमच्या घरी हे वाक्य मोठ्या लेकीच्या अकराव्या दिवशी आलं. त्याच रात्री नवरा खालच्या मेडिकलमधून पावडरचा डबा घेऊन आला. बाटली प्यायली आणि लेक चार तास झोपली. सगळे म्हणाले, बघा, भूकच होती. त्या चार तासांत माझी छाती दगडासारखी झाली होती, ते कोणाच्या लक्षात आलं नाही, माझ्याही नाही. एका बाटलीच्या दोन झाल्या, दोनाच्या चार, आणि दोन महिन्यांत दूध खरोखरच आटलं. धाकट्याच्या वेळी काय मोजायचं ते मला माहीत होतं. त्याला सहा महिने वरचं दूध लागलं नाही. तेव्हापासून विक्रोळीतल्या आमच्या इमारतीत कोणी बाळंतीण घरी आली की मी एकदा तरी तिच्याजवळ जाऊन बसते. तिथे जे सांगते तेच इथे लिहिते आहे.

दूध बनतं कसं

कोकणातल्या विहिरीसारखं आहे हे. उपसत राहिलं की झरे मोकळे होतात. बाळ ओढतं तेव्हा आईच्या मेंदूतून दोन संप्रेरकं सुटतात. प्रोलॅक्टिनमुळे दूध बनतं, ऑक्सिटोसिनमुळे ते पुढे ढकललं जातं. त्यालाच आपण पान्हा फुटला म्हणतो. दूध आत तसंच साठून राहिलं तर शरीर बनवण्याचा वेग कमी करतं. म्हणून 'छाती भरू दे, मग पाजते' हा हिशोब उलटा पडतो. थांबलीस तेवढं दूध कमी बनतं. रात्री प्रोलॅक्टिन जास्त असतं, त्यामुळे पहिल्या महिन्यात रात्रीचं पाजणं कोणाच्याही सांगण्यावरून चुकवू नकोस.

बाळ सारखं मागतं तेव्हा ते उद्याच्या दुधाची सोय करत असतं. त्या वेळी बाटली दिली तर ती मागणी तुझ्या शरीरापर्यंत पोचतच नाही.

पहिले चार दिवस

बाळ जन्मल्यावर पहिल्या तासात ते तुझ्या छातीवर उघडं ठेवायला सांग. नाव नोंदवलंस तिथे डॉक्टरांना आणि नर्सला हे आधीच बोलून ठेव, कारण त्या घाईत तुला बोलायचं भान राहत नाही. सिझेरियन असलं तरी दोघांची तब्येत ठीक असेल तर हे जमतं.

सुरुवातीला येतो तो चीक. घट्ट, पिवळसर, आणि थोडासाच. पहिल्या २४ तासांत एका वेळेला २ ते १० मिली, म्हणजे जास्तीत जास्त दोन छोटे चमचे. दुसऱ्या दिवशी ५ ते १५ मिली, तिसऱ्या दिवशी १५ ते ३०. बाळाचं पोटही तेवढंच इवलंसं असतं. कोणीतरी छाती दाबून बघतं, दोन थेंब येतात, आणि 'हिला दूधच नाही' असा शिक्का बसतो. दूध नाही असं नसतं, चीक एवढाच असतो आणि तेवढाच लागतो. 'चीक जड असतो, काढून टाक' असं अजून काही घरांत म्हणतात. एक थेंबही टाकू नकोस. आजारांशी लढायची पहिली ताकद बाळाला त्यातूनच मिळते.

दुसऱ्या रात्रीची मात्र तयारी ठेव. पहिला दिवस बाळ बरंचसं झोपून काढतं आणि दुसऱ्या रात्री जागं होऊन सतत मागायला लागतं. वॉर्डातले दिवे मंद झालेले, तुझे टाके दुखताहेत, आणि हे बाळ खाली ठेवलं की रडतं. पावडरचं पहिलं दूध बहुतेक वेळा याच रात्री दिलं जातं. मी होते त्या नर्सिंग होममध्ये तर मला न विचारताच लेकीला पाजून आणलं होतं. डॉक्टरांनी वैद्यकीय कारण सांगितलं, जसं साखर कमी आहे, वजन फार कमी आहे, तर गोष्ट वेगळी, तिथे अडून बसू नकोस. पण कारण विचार. बाळाच्या डब्यांची आणि बाटल्यांची जाहिरात करायला, आयांना फुकट नमुने द्यायला आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, आणि ती रुग्णालयांनाही लागू आहे.

खरं दूध साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात उतरतं. पहिलं बाळंतपण, सिझेरियन, मधुमेह, बाळंतपणात जास्त रक्त जाणं, यांत एखाद-दोन दिवस उशीर होतो. या दिवसांत बाळाचं वजन थोडं घटतंच. ३ किलोचं बाळ २८०० ग्रॅमवर आलं तर घाबरायचं कारण नाही. घट १० टक्क्यांकडे जायला लागली तर डॉक्टरांना पाजणं तपासायला सांगायचं. १० ते १४ दिवसांत ते जन्माच्या वजनावर परत यायला हवं.

पकड

माझ्या मते निम्म्या तक्रारींचं मूळ इथे असतं. बाळ नुसतं निप्पल चोखत राहिलं तर तुला दुखतं, त्याला मिळत नाही, आणि ते दर वीस मिनिटांनी परत मागतं. मग दूध भरपूर असूनही कमी पडतं.

पाठीला उशी लावून बस. बाळाचं पोट तुझ्या पोटाला लागू दे, कान, खांदा आणि कंबर एका रेषेत हवी. डाव्या बाजूला पाजायचं असेल तर बाळाला उजव्या हातावर घे. तुझा तळवा त्याच्या पाठीवर, अंगठा आणि बोटं मानेच्या बुडाशी, कानांच्या मागे. डोक्यामागे हात नको. डोकं दाबलं की बाळ मागे रेटतं आणि आपल्याला वाटतं, याला प्यायचंच नाही. डाव्या हाताने छाती खालून धरून हलकी चपटी कर, वडापाव तोंडात घालताना दाबतो तशी, बाळाच्या ओठांच्या दिशेने.

आता बाळाचं नाक निप्पलसमोर आण. निप्पल वरच्या ओठाला लागू दे आणि थांब. बाळ जांभई दिल्यासारखा मोठा आ करेपर्यंत थांब. आ झाला की त्याच क्षणी त्याला छातीकडे ओढ, हनुवटी आधी टेकली पाहिजे. तू वाकून छाती त्याच्या तोंडात घालू नकोस, पाठ कायमची धरेल.

मग नीट बघ. खालचा ओठ बाहेर मुडपलेला आहे का? हनुवटी छातीत रुतलीय आणि नाक मोकळं आहे का? काळसर वलय वरच्या ओठाच्या बाजूला जास्त आणि खाली कमी दिसतंय का? गाल भरलेले हवेत, आत खळी पडायला नको. आधी ते भराभर ओढेल. पान्हा फुटला की चाल बदलते, हनुवटी खोलवर खाली जाते, क्षणभर थांबते, आणि घोट घेतल्याचा बारीकसा आवाज येतो. पंखा बंद करून एकदा तो आवाज ऐक. पहिली काही सेकंदं ताण जाणवला तर चालेल, पण पुढेही दुखत राहिलं तर करंगळी बाळाच्या ओठाच्या कोपऱ्यातून आत घालून सोडव आणि पुन्हा लाव. दहा वेळा लागली तरी दहा वेळा. सुटल्यावर निप्पल चपटं किंवा एका बाजूने तिरकं झालेलं दिसलं, तर पकड वरवरची होती असं समज.

धाकट्याच्या वेळी सहाव्या दिवशी माझ्या निप्पलला चिरा पडल्या होत्या. लसीकरणाच्या खोलीतल्या नर्सबाईंनी काही न बोलता माझा हात त्याच्या डोक्यावरून दोन बोटं खाली, मानेवर सरकवला. त्याने मान जरा मागे टाकली, मोठा आ केला, आणि दुखणं थांबलं. दोन बोटांचा फरक होता. एकदा बघून घेतलेलं बरं, म्हणून आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे पकडीवरचे व्हिडिओ बाळंतपणाच्या आधीच बघून ठेव, ते मराठीतही आहेत. सिझेरियनचे टाके दुखत असतील तर बाळाला काखेखाली धरून किंवा कुशीवर झोपून पाजता येतं.

किती वेळा आणि कधी

२४ तासांत ८ ते १२ वेळा. हे अंतर सारखं नसतं. दुपारी तीन तास झोपेल आणि संध्याकाळी तासात तीनदा मागेल. रडण्याची वाट बघू नकोस, ती शेवटची खूण आहे. त्याआधी बाळ ओठ चाटतं, मूठ तोंडाकडे नेतं, गाल घासला की तोंड वळवतं. रडायला लागल्यावर जीभ टाळूला लागते आणि पकड जमत नाही, आधी छातीशी धरून शांत करावं लागतं. याउलट बाळ फार झोपाळू असेल, कावीळ असेल, तर जन्माच्या वजनावर येईपर्यंत दर दोन-तीन तासांनी उठव. दुपट्यातून काढ, तळवे चोळ, शी-शू बदल.

एक बाजू स्वतःहून सोडेपर्यंत पाजायचं, ढेकर काढायची, मग दुसरी द्यायची. 'प्रत्येक बाजूला दहा मिनिटं' असला नियम नाही.

संध्याकाळचा सपाटा

पाच ते दहा या वेळात बाळं लागोपाठ पितात. पहिल्या काही आठवड्यांत हे जवळपास घरोघरी दिसतं. दुसरा-तिसरा आठवडा, सहावा आठवडा आणि तिसरा महिना, या सुमारास दोन-तीन दिवस तर दिवसभरच तसं चालतं, कारण बाळ वाढीला लागलेलं असतं. संध्याकाळी छाती मऊ लागते, दूध संथ येतं, तरी येतच असतं. त्या वेळचं दूध जास्त स्निग्ध असतं. पण आपल्या घरांत नेमकी हीच वेळ दिवा लावायची, ऑफिसातून माणसं परत यायची, बाळ बघायला पाहुणे यायची. दोन खोल्यांत पडदा ओढून बसायचं आणि बाहेर सगळे रडणं ऐकताहेत.

म्हणून चार वाजताच तयारी कर. भरपेट खाऊन घे. पाण्याची बाटली, लाडवाचा डबा, फोनचा चार्जर हाताशी. कोपऱ्यातली जागा ठरवून टाक आणि घरच्यांना सांग की पाच ते नऊ मी इथे आहे. दोन पाजण्यांच्या मध्ये नवऱ्याने बाळ खांद्यावर घेऊन ढेकर काढायची, गॅलरीत फिरवायचं, शी-शू बदलायची. पोळ्या कोणीतरी दुसऱ्याने लाटायच्या किंवा पोळीभाजी केंद्रातून आणायच्या. त्या चार तासांत बाईला स्वयंपाकघरात उभं करणं मला फार क्रूर वाटतं, आणि आजही पुष्कळ घरांत ते होतं.

मोजायचं काय

फ्रिजवर एक कागद लाव, पेन दोरीने बांध. तीन रकाने कर: शू, शी, वजन.

शू: पहिल्या दिवशी एकदा, दुसऱ्या दिवशी दोनदा, तिसऱ्या दिवशी तीनदा, आणि पाचव्या दिवसापासून २४ तासांत सहा किंवा जास्त वेळा, फिकट रंगाची. डायपरमध्ये नेमकं कळत नाही, म्हणून पहिले पंधरा दिवस निदान दिवसा तरी सुती लंगोट वापर. पावसाळ्यात मुंबईत ते वाळत नाहीत हे मला माहीत आहे. डायपरच वापरायचा तर कोऱ्या डायपरवर तीन मोठे चमचे पाणी ओतून हातात धरून बघ, भरलेला किती जड लागतो ते कळेल.

शी: आधी काळी-हिरवी, डांबरासारखी. तिसऱ्या-चौथ्या दिवशी हिरवट, पाचव्या दिवसापर्यंत मोहरीसारखी पिवळी, पातळ, दाणेदार. दिवसाला तीन-चार वेळा. महिन्यानंतर अंगावर पिणारं बाळ दोन-तीन दिवस शी करत नाही, तेही चालतं.

वजन: जन्माचं वजन भरून निघाल्यावर पहिल्या तीन महिन्यांत दिवसाला साधारण २० ते ३० ग्रॅम. आठवड्यातून एकदा बघायचं, त्याच काट्यावर, उघड्या अंगाने. रोज वजन करून जीव टांगणीला लावू नकोस. महापालिकेच्या दवाखान्यात किंवा अंगणवाडीत वजन होतं.

हे तीन रकाने बरोबर असतील तर दूध पुरतंय, बाळ कितीही वेळा मागो.

आता ज्यावरून काही ठरत नाही ते. छाती मऊ झाली: चार-सहा आठवड्यांनी ती मऊ होतेच, शरीराला मागणीचा अंदाज आलेला असतो. दूध गळत नाही: पुष्कळजणींचं कधीच गळत नाही. पंपाने थोडंच निघतं: पंप बाळाइतकं काढू शकत नाही. पाजल्यावरही बाटली प्यायलं: तोंडात काही आलं की नवजात बाळ चोखतंच, त्यात धार आयती पडते. पावडर प्यायल्यावर जास्त झोपलं: ते पचायला वेळ लागतो.

घरातलं बाकीचं

अळिवाचे लाडू, डिंकाचे लाडू, शेपू, बाजरीची भाकरी, खसखशीची खीर, सगळं आवडीने खा. पाजणाऱ्या आईला रोज सुमारे ६०० कॅलरी जास्त लागतात, आणि कोणीतरी तुझ्यासाठी लाडू वळतंय यातही ताकद असते. पण लाडवावर भरवसा ठेवून पाजणं लांबवलं तर दूध वाढणार नाही. शतावरीसारखे कल्प डॉक्टरांना विचारून. पाणी तहान लागेल तसं पी. 'बाळंतिणीला पाणी कमी' हे मे महिन्यातल्या मुंबईत तर मुळीच ऐकू नकोस.

बाळाला पाणी, मध, गुटी, ग्राइप वॉटर यांतलं काही सहा महिने द्यायचं नाही. उन्हाळ्यातही नाही, आईच्या दुधात ८७ टक्क्यांच्या वर पाणीच असतं. मध तर वर्षभर नाही, त्यातल्या जंतूंनी जीवघेणी विषबाधा होऊ शकते. डॉक्टरांनी दिलेले व्हिटॅमिन डीचे थेंब मात्र द्यायचे. आजी सहाण घेऊन बसल्या असतील तर भांडू नकोस. डॉक्टरांकडे जाताना त्यांनाच बरोबर ने, त्यांच्यासमोर विचार. मी तसंच केलं होतं. पुढे आजीच शेजारणीला सांगायला लागल्या की आमच्याकडे गुटी बंद.

खरोखरच कमी असेल तर

काही जणींना खरंच कमी येतं, त्यात तिचा दोष नाही. थायरॉइड, पीसीओएस (बीजांडकोशांच्या संप्रेरकांचा बिघाड), खूप रक्त गेलेलं असणं, वारेचा तुकडा आत राहणं, छातीची आधी झालेली शस्त्रक्रिया, बाळाची जीभ खाली बांधलेली असणं, अशी कारणं असतात. सर्दीच्या काही गोळ्या आणि इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनीही दूध कमी होतं, म्हणून गोळी घेताना 'मी पाजते आहे' हे सांगायचंच.

उपाय याच क्रमाने कर. पकड कोणाला तरी जाणत्याला दाखव. दिवसातून जमेल तितका वेळ बाळाला उघडं छातीवर झोपव. पिताना ओढ मंदावली की छाती हलकेच दाबून धर, पुन्हा घोट सुरू होतात. पाजून झाल्यावर हाताने किंवा पंपाने उरलेलं काढ, दिवसातून सहा-आठ वेळा, रात्री एकदा धरून. तीन-चार दिवस टिकून राहा, लगेच फरक दिसत नाही.

वरचं द्यायची वेळ आलीच तर आधी तुझंच काढलेलं दूध, ते नसेल तर दूधपेढीचं, आणि मग पावडर. बाळ कमी दिवसांचं किंवा आजारी असेल तर डॉक्टरांना दूधपेढीबद्दल विचार. आशियातली पहिली मानवी दूधपेढी १९८९ मध्ये आपल्या सायन हॉस्पिटलातच, डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने सुरू झाली. पावडर दिलीस तर डब्यावरच्या मापानेच, पुरवायला पातळ करू नकोस. आणि बाटलीऐवजी वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने, म्हणजे चोचीच्या छोट्या वाटीने पाज. माळ्यावरच्या जुन्या भांड्यांत बोंडलं सापडेल, नीट उकळून घे. पावडर द्यावी लागली म्हणून अंगावर पाजणं सोडायचं नाही, दोन्ही बरोबर चालतं.

लगेच डॉक्टरांकडे कधी

पाचव्या दिवसानंतर आठ तासांत शू नाही. पाचव्या दिवशीही शी काळीच. चौथ्या दिवसानंतर लंगोटावर विटकरी डाग. बाळ उठवूनही उठत नाही, ओढत नाही. अंग तापलेलं किंवा गार पडलेलं. कावीळ तळहात-तळपायांपर्यंत उतरलेली. टाळू खोल गेलेली. यांतलं एकही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही, गरज पडली तर १०८ ला फोन कर. तुझ्या छातीत लाल, गरम, दुखरी गाठ आणि थंडीताप आला तरी दाखव, पण पाजणं थांबवू नकोस. आणि दोन आठवड्यांच्या वर सतत रडू येत असेल, बाळाकडे बघावंसंही वाटत नसेल, तर १४४१६ या टेलिमानसच्या (सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेच्या) क्रमांकावर मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

दवाखान्यात जाताना फ्रिजवरचा कागद काढून पर्समध्ये टाक. घरून निघताना पोटभर पाजू नकोस, थोडं भुकेलं ने. डॉक्टरांनी किंवा नर्सने वजन केलं की म्हण, "एकदा माझं पाजणं बघता का?" पाच मिनिटं लागतात. रांग मोठी असेल, कुरकुर होईल, तरी म्हण.